हीटची सेटिंग फाइल: कोण कोणाशी, कोणाच्या नावाने बोलतं

ओपनस्टॅकवर, म्हणजे स्वतःचा क्लाउड उभारायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर, हीट बसवलं; टेम्प्लेटमध्ये लिहिलेले सर्व्हर, नेटवर्क, डिस्क आपोआप उभं करणारी ही त्याची सेवा. तिन्ही सेवा चालू दिसतात, लॉगमध्ये तक्रार नाही. तरी पहिला खरा स्टॅक (एका टेम्प्लेटमधून उभा राहणारा संच) ‘क्रिएट_इन_प्रोग्रेस’वर, म्हणजे ‘उभारणी चालू’ या स्थितीत, तासभर लटकतो आणि वेळ संपली म्हणून पडतो. मग टेम्प्लेट दहा वेळा तपासलं जातं, सर्व्हरची इमेज बदलून पाहिली जाते, आणि चूक मात्र ‘हीट.कॉन्फ’मधल्या एका पत्त्याच्या ओळीत बसलेली असते.

ही फाइल मोठी आहे. नमुना फाइल उघडली तर शेकडो पर्याय दिसतात आणि बहुतेकांच्या पुढे आधीच एक ठरलेली किंमत (व्हॅल्यू) असते. प्रत्यक्षात पंचवीस-तीस पर्याय नीट समजून लिहिले तरी पुरतं. पर्यायांची यादी म्हणून ती वाचणं सोडून मी प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा ती मला उलगडली. इथे कोण कोणाशी बोलतंय, आणि कोणाच्या नावाने? हा लेख त्याच प्रश्नाचा धागा धरून लिहिला आहे.

वाचण्यापूर्वी एक खूण लक्षात घ्या. पर्यायांची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची, अंडरस्कोअर तसाच ठेवायचा आणि आकडेही इंग्रजीच. विभागांपैकी फक्त ‘डीफॉल्ट’चं नाव मोठ्या अक्षरांत असतं; ‘पोल_टेम्प_यूआरएल’सारख्या काही किमतीही मोठ्या अक्षरांतच लिहायच्या.

## आधी हीट म्हणजे नक्की काय चालतं ते

हीट ओपनस्टॅकच्या हवाना आवृत्तीबरोबर, म्हणजे ऑक्टोबर २०१३ मध्ये, मुख्य प्रकल्पांत आलं. कल्पना अॅमेझॉनच्या क्लाउडफॉर्मेशनवरून घेतलेली: हवं ते सगळं एका टेम्प्लेटमध्ये लिहायचं आणि नेटवर्क, सर्व्हर, डिस्क योग्य क्रमाने उभं करण्याचं काम यंत्रणेवर सोपवायचं. म्हणूनच हीटला आजही दोन दारं आहेत. ‘हीट-एपीआय’ हे त्याचं स्वतःचं दार, पोर्ट ८००४. ‘हीट-एपीआय-सीएफएन’ हे क्लाउडफॉर्मेशनच्या पद्धतीचं, पोर्ट ८०००. आत ‘हीट-इंजिन’ बसलेलं असतं. दारावर आलेली मागणी संदेशांच्या रांगेतून, म्हणजे बहुधा रॅबिटएमक्यूतून, इंजिनाकडे जाते आणि खरं काम तिथे होतं.

जुन्या लेखांत पोर्ट ८००३ वरचं तिसरं दार, ‘हीट-एपीआय-क्लाउडवॉच’, सापडेल. ते क्वीन्स आवृत्तीत काढून टाकलं गेलं. त्याच्या ओळी कुठून उतरवून घेतल्या असतील तर पुसून टाका.

## फाइल वाचणारा कसा वाचतो

हे प्रकरण लोक वगळतात आणि मग दिवस घालवतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ओपनस्टॅकच्या सगळ्या सेवा सेटिंग फाइल वाचायला ‘ऑस्लो.कॉन्फिग’ ही एकच लायब्ररी वापरतात. ती साधी वाटते, पण तिच्या काही सवयी ठाऊक हव्यात.

पहिली सवय सगळ्यात घातक. अनोळखी नाव दिसलं की ती काहीच बोलत नाही. ‘ट्रान्सपोर्ट_यूआरएल’मध्ये एक अक्षर चुकलं तर चूक दाखवली जात नाही. ती ओळ नसल्यासारखी सोडून दिली जाते आणि पर्याय आपल्या मूळ किमतीवर राहतो. बरोबर नाव चुकीच्या विभागात लिहिलं तरी तेच. ‘स्टॅक_डोमेन_अॅडमिन’ ही ओळ ‘ट्रस्टी’ विभागाखाली गेली की ती हीटपर्यंत पोचतच नाही. म्हणून कुठलीही ओळ घालण्याआधी वर सरकून आपण कुठल्या चौकटी कंसाखाली आहोत ते पाहायची सवय लावून घ्या.

दुसरी सवय मोकळ्या जागेची. ओळीच्या सुरुवातीला स्पेस असेल तर ती नवी ओळ मानली जात नाही, वरच्या किमतीचा पुढचा भाग मानली जाते. नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी ओळी आत सरकवल्या की पासवर्डच्या शेपटीला पुढचा पर्याय चिकटतो. एकदा एका यंत्रणेवर लॉगिन का होत नाही हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. कारण होतं फक्त चार स्पेस.

तिसरी, टिपणीची. ‘#’ ओळीच्या सुरुवातीला असेल तरच ती टिपणी. किमतीनंतर त्याच ओळीत ‘#’ टाकून काही लिहिलं तर ते सगळं किमतीचाच भाग होतं.

चौथी, डॉलरच्या चिन्हाची. किमतीतल्या ‘$’ नंतरचा शब्द दुसऱ्या पर्यायाचं नाव समजला जातो. पासवर्डमध्ये डॉलर असेल तर तो दोनदा लिहावा लागतो. डेटाबेस आणि रॅबिटच्या पत्त्यांत आणखी एक अडचण येते, कारण तिथे पासवर्ड यूआरएलच्या आत बसतो. ‘@’, ‘/’, ‘#’ अशी चिन्हं तिथे टक्केवारीच्या संकेतात लिहावी लागतात. माझा सल्ला सरळ आहे: सेवांचे पासवर्ड फक्त अक्षरं आणि आकड्यांचे, पण भरपूर लांब ठेवा. त्याने सुरक्षितता कमी होत नाही आणि ही सगळी कटकट टळते.

एकाच विभागात एकच पर्याय दोनदा आला तर साधारणपणे शेवटचा खरा धरला जातो. म्हणून खाली नवी ओळ जोडण्यापेक्षा आधीची शोधून बदला. ‘क्रुडिनी’ हे छोटं साधन हेच काम कमांडवरून करतं आणि विभागाची चूकही टाळतं, कारण त्याला विभागाचं नाव सांगावंच लागतं.

शेवटी, सेवा नक्की हीच फाइल वाचते का, हेही पाहून घ्या. ‘सिस्टमसीटीएल कॅट हीट-इंजिन’ चालवलं की सेवा कशी सुरू होते ते दिसतं. तिथे ‘कॉन्फिग-फाइल’ दोनदा दिलेलं असेल तर नंतरची फाइल आधीच्या फाइलवर मात करते.

## फाइलला हात लावण्याआधी

फाइलमध्ये जी नावं लिहायची ती आधी जगात असायला हवीत. हे काम झटपट होतं.

डेटाबेसमध्ये ‘हीट’ नावाचा डेटाबेस आणि त्यावर पूर्ण हक्क असलेला त्याच नावाचा वापरकर्ता तयार करा. कीस्टोनमध्ये, म्हणजे ओपनस्टॅकच्या ओळख तपासणाऱ्या सेवेत, ‘हीट’ हा सेवा-वापरकर्ता करा आणि त्याला ‘सर्व्हिस’ प्रकल्पात ‘अॅडमिन’ रोल (हक्कांचा संच) द्या. मग दोन सेवा नोंदवा: ‘ऑर्केस्ट्रेशन’ प्रकारची ‘हीट’ आणि ‘क्लाउडफॉर्मेशन’ प्रकारची ‘हीट-सीएफएन’. प्रत्येकीचे सार्वजनिक, अंतर्गत आणि प्रशासकीय असे तीन पत्ते नोंदवायचे. पहिलीचा पत्ता पोर्ट ८००४ वर ‘/व्ही१/’ आणि पुढे प्रकल्पाच्या क्रमांकाची जागा, दुसरीचा पोर्ट ८००० वर नुसतं ‘/व्ही१’.

सार्वजनिक पत्ता लिहिताना घाई करू नका. तो पुढे व्हीएमच्या (स्टॅकमधल्या आभासी सर्व्हरच्या) आतूनही वापरला जाणार आहे.

फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, शक्यतो गिटमध्ये, पण ती रिपॉझिटरी खाजगी हवी, कारण आत पासवर्ड आहेत. फाइलची मालकी ‘रूट’ची, गट ‘हीट’, परवानगी ६४०.

## पहिल्या ओळी: डेटाबेस आणि रांग

[डेटाबेस]
कनेक्शन = मायएसक्यूएल+पायमायएसक्यूएल://हीट:पासवर्ड@कंट्रोलर/हीट

[डीफॉल्ट]
ट्रान्सपोर्ट_यूआरएल = रॅबिट://ओपनस्टॅक:पासवर्ड@कंट्रोलर

इथे ‘कंट्रोलर’ हे यजमानाचं नाव आहे, तुमच्याकडे जे असेल ते लिहा. ते नाव सर्व्हरवरून उलगडतं का, तेवढं पाहा. या दोन्ही संभाषणांत हीट स्वतःच्याच घरात बोलतं, त्यामुळे गुंतागुंत नाही.

## तीन ओळखपत्रं

आता मुख्य भाग. हीटला तीन वेगवेगळ्या कारणांसाठी तीन वेगवेगळ्या ओळखी लागतात. त्यांची सरमिसळ झाली की येणाऱ्या चुका फार फसव्या असतात, कारण काही स्टॅक चालतात आणि काही चालत नाहीत.

पहिली ओळख दारवानाची. कोणी हीटकडे टोकन (कीस्टोनने दिलेला तात्पुरता पास) घेऊन आलं की ते खरं आहे का, हे कीस्टोनला विचारावं लागतं. ते विचारायलाही हीटला स्वतःचं खातं हवं. हा विभाग ‘कीस्टोन_ऑथटोकन’:

[कीस्टोन_ऑथटोकन]
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू_ऑथेंटिकेट_यूआरआय = एचटीटीपी://कंट्रोलर:५०००
ऑथ_यूआरएल = एचटीटीपी://कंट्रोलर:५०००
मेमकॅश्ड_सर्व्हर्स = कंट्रोलर:११२११
ऑथ_टाइप = पासवर्ड
प्रोजेक्ट_डोमेन_नेम = डीफॉल्ट
यूजर_डोमेन_नेम = डीफॉल्ट
प्रोजेक्ट_नेम = सर्व्हिस
यूजरनेम = हीट
पासवर्ड = (सेवा-वापरकर्त्याचा पासवर्ड)

मेमकॅश्डची ओळ ऐच्छिक आहे, पण गाळू नका. ती असली की एकदा तपासलेलं टोकन थोडा वेळ लक्षात ठेवलं जातं आणि कीस्टोनवरचा भार कमी होतो. या विभागातला पासवर्ड चुकला तर प्रत्येक मागणीला नकार मिळतो, तेव्हा ही चूक पहिल्याच मिनिटाला सापडते.

दुसरी ओळख मुखत्याराची. समजा एका वापरकर्त्याने आपोआप वाढणारा सर्व्हरगट बनवला. रात्री तीनला भार वाढला आणि हीटला नवा सर्व्हर उभा करायचा आहे. वापरकर्ता झोपलाय, त्याचं टोकन कधीच संपलंय. मग नोव्हाकडे, म्हणजे सर्व्हर उभे करणाऱ्या सेवेकडे, कोणाच्या नावाने जायचं? यासाठी कीस्टोनमध्ये ट्रस्ट नावाची सोय आहे. स्टॅक बनवताना वापरकर्ता हीटला मर्यादित मुखत्यारपत्र देतो, आणि ते वापरणारा मुखत्यार म्हणजे ‘ट्रस्टी’ विभागातलं खातं:

[ट्रस्टी]
ऑथ_टाइप = पासवर्ड
ऑथ_यूआरएल = एचटीटीपी://कंट्रोलर:५०००
यूजरनेम = हीट
पासवर्ड = (तोच पासवर्ड)
यूजर_डोमेन_नेम = डीफॉल्ट

बारकाईने पाहिलंत तर इथे प्रकल्पाचं नाव नाही. वरच्या विभागातून ओळी उतरवताना ते चुकून येतं. मुखत्यार दुसऱ्याच्या प्रकल्पात काम करणार असतो आणि तो प्रकल्प ट्रस्टमध्येच लिहिलेला असतो, म्हणून ते इथे नको. ही पद्धत ‘डिफर्ड_ऑथ_मेथड’ या पर्यायाने ठरते आणि त्याची मूळ किंमत ‘ट्रस्ट्स’ आहे. ती तशीच राहू द्या.

‘ट्रस्ट्स_डेलिगेटेड_रोल्स’ हा पर्याय मुळात रिकामा असतो. रिकामा म्हणजे वापरकर्त्याचे त्या प्रकल्पातले सगळे रोल मुखत्याराकडे जातात. काही ठिकाणी तो ‘हीट_स्टॅक_ओनर’ असा भरलेला असतो. मग ज्याच्याकडे हा रोल नाही त्याला स्टॅक बनवताना ‘आवश्यक रोल नाही’ असा नकार मिळतो. दोन्ही पद्धती चालतात. कमीत कमी हक्क द्यायचे असतील तर दुसरी चांगली, पण मग प्रत्येक प्रकल्पात रोल वाटण्याची शिस्त पाळावी लागते.

ट्रस्टची एक मर्यादाही सांगून ठेवतो. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं खातं बंद झालं किंवा त्याचा रोल काढला गेला, की ते मुखत्यारपत्र निकामी होतं. कोणी संस्था सोडून गेलं, खातं बंद केलं आणि काही दिवसांनी त्याने बनवलेला सर्व्हरगट वाढेनासा झाला, तर शोध इथून सुरू करा.

तिसरी ओळख सगळ्यात कमी समजलेली. स्टॅकमधलं व्हीएम तयार झालं की त्याला हीटला कळवायचं असतं: माझी मांडणी पूर्ण झाली. कळवायला त्यालाही खातं हवं. ही चिमुकली खाती तुमच्या खऱ्या वापरकर्त्यांच्या यादीत मिसळू नयेत म्हणून हीट ती एका वेगळ्या डोमेनमध्ये (कीस्टोनमधल्या खात्यांच्या स्वतंत्र कप्प्यात) बनवतं. त्या डोमेनवर अधिकार असलेलं खातं ‘डीफॉल्ट’ विभागात सांगायचं:

स्टॅक_डोमेन_अॅडमिन = हीट_डोमेन_अॅडमिन
स्टॅक_डोमेन_अॅडमिन_पासवर्ड = (पासवर्ड)
स्टॅक_यूजर_डोमेन_नेम = हीट

यासाठी आधी कीस्टोनमध्ये ‘हीट’ नावाचं डोमेन, त्यात ‘हीट_डोमेन_अॅडमिन’ हा वापरकर्ता, आणि त्या डोमेनपुरता ‘अॅडमिन’ रोल द्यावा लागतो. शिवाय ‘हीट_स्टॅक_यूजर’ हा रोल तयार करून ठेवायचा. हीट तो व्हीएमच्या खात्यांना स्वतः देतं. तो माणसांना कधीही देऊ नका. हीटचे नियम या रोलवाल्याला बहुतेक सगळ्या कामांपासून अडवतात, त्यामुळे ज्या माणसाला तो मिळेल त्याला स्वतःचे स्टॅकही दिसेनासे होतात. ‘ओनर’ आणि ‘यूजर’ या शब्दांतलं साम्य लोकांना नेमकं इथे चकवतं.

## व्हीएमच्या जागी उभं राहून पत्ता लिहा

सुरुवातीला सांगितलेली तासभर लटकण्याची चूक इथली. या ओळी बहुधा अशा उतरवल्या जातात:

हीट_मेटाडेटा_सर्व्हर_यूआरएल = एचटीटीपी://कंट्रोलर:८०००
हीट_वेटकंडिशन_सर्व्हर_यूआरएल = एचटीटीपी://कंट्रोलर:८०००/व्ही१/वेटकंडिशन

दोन्ही ओळी ‘डीफॉल्ट’ विभागात जातात. बाकीचे बहुतेक पत्ते हीट स्वतः वापरतं. हे दोन मात्र हीट व्हीएमच्या हाती देतं आणि ‘इथे येऊन कळव’ असं सांगतं. म्हणजे हे पत्ते व्हीएमच्या आतून पोचायला हवेत. ‘कंट्रोलर’ हे नाव सर्व्हरच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये आहे, व्हीएमच्या नाही. प्रकल्पाच्या खाजगी नेटवर्कवरून व्यवस्थापनाच्या नेटवर्कला जायची वाटही सहसा नसते, आणि नसावीच. व्हीएम बिचारं हाका मारत राहतं, हीट वाट पाहत राहतं, आणि दोन्हीकडचे लॉग स्वच्छ दिसतात.

म्हणून इथे सार्वजनिक पत्ता लिहा: व्हीएमला राउटरमधून बाहेर पडून गाठता येईल असा, आणि त्याला उलगडता येईल अशा नावाचा. पुढे टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कूटलेखन) असेल तर व्हीएमच्या इमेजमध्ये तुमच्या प्रमाणपत्राचं मूळ असायला हवं. स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र आणि तयार इमेज यांचं इथे हटकून बिनसतं.

तपासणी सोपी आहे. त्या नेटवर्कवर एक साधं व्हीएम उभं करा, आत जा आणि ‘कर्ल -आय’ने पोर्ट ८००० च्या मुळाला हाक मारा. ३०० क्रमांकाचं उत्तर आणि आवृत्त्यांची छोटी यादी आली की वाट मोकळी आहे. ३०० ही इथे चूक नाही, ‘यातली आवृत्ती निवडा’ असा त्याचा अर्थ.

आता एक बारकावा. व्हीएमकडून निरोप येण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत. क्लाउडफॉर्मेशनच्या पद्धतीचा, आधीच सही केलेला पत्ता वापरला तर निरोप ८००० वर येतो. हीटच्या स्वतःच्या ‘वेटकंडिशनहँडल’मध्ये (निरोप कुठे, कसा द्यायचा ते ठरवणाऱ्या रिसोर्समध्ये, म्हणजे टेम्प्लेटमधल्या घटकात) मूळ पद्धत ‘टोकन_सिग्नल’ आहे. त्यात व्हीएम टोकन घेऊन थेट ८००४ वर येतं, आणि तो पत्ता वरच्या दोन ओळींतून येत नाही, कीस्टोनमधल्या नोंदीवरून ठरतो. म्हणून दोन्ही पोर्ट व्हीएमच्या आतून तपासा. एक चालतं म्हणजे दुसरं चालेलच असं नाही.

सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंट, म्हणजे व्हीएमच्या आत सॉफ्टवेअर बसवण्याची हीटची सोय, वापरणार असाल तर ‘डीफॉल्ट_सॉफ्टवेअर_कॉन्फिग_ट्रान्सपोर्ट’ पाहा. त्याची मूळ किंमत ‘पोल_सर्व्हर_सीएफएन’ आहे, म्हणजे व्हीएम ८००० वर येऊन पुन्हा पुन्हा विचारत राहतं. स्विफ्ट (ओपनस्टॅकची फाइली साठवणारी सेवा) उपलब्ध असेल तर ‘पोल_टेम्प_यूआरएल’ने तोच भार स्विफ्टवर जातो.

याच संदर्भात ‘क्लायंट्स_कीस्टोन’ विभागात ‘ऑथ_यूआरआय’ ही ओळ भरा, पोर्ट ५००० वरचा कीस्टोनचा पत्ता. आणि हीटपुढे एचएप्रॉक्सीसारखा मध्यस्थ असेल, बाहेर टीएलएस आणि आत साधं एचटीटीपी असेल, तर ‘ऑस्लो_मिडलवेअर’ विभागात ‘एनेबल_प्रॉक्सी_हेडर्स_पार्सिंग = ट्रू’ लिहा. नाहीतर हीट आपल्या उत्तरांत चुकीचे दुवे देत राहतं.

## बत्तीस अक्षरं

‘डीफॉल्ट’ विभागातला ‘ऑथ_एनक्रिप्शन_की’. ट्रस्टचे क्रमांक आणि इतर गुप्त माहिती डेटाबेसमध्ये या किल्लीने बंद करून ठेवली जाते. लांबी नेमकी ३२ अक्षरं. तुम्ही काही लिहिलं नाही तर हीट मूळ किल्ली वापरतं. ती किल्ली म्हणजे एक इंग्रजी वाक्यच आहे, ‘चांगली नाही, पण पुरेशी लांब आहे’ अशा अर्थाचं. हीटच्या सोर्समध्ये ती सगळ्या जगाला वाचता येते. ती बदलल्याशिवाय हीट कोणालाही वापरायला देऊ नका.

‘ओपनएसएसएल रँड -हेक्स १६’ ही कमांड बरोबर ३२ अक्षरं देते. एकाहून जास्त कंट्रोलर असतील तर किल्ली सगळीकडे तंतोतंत तीच हवी. एका ठिकाणी वेगळी असली तर एका इंजिनाने लिहिलेलं दुसऱ्याला उघडत नाही, आणि चूक कधी दिसते, कधी नाही.

किल्ली पहिला स्टॅक बनण्याआधीच ठरवा. नंतर बदलली तर जुन्या स्टॅकांचे साठवलेले परवाने उघडत नाहीत, अपडेट आणि डिलीट दोन्ही अडकतात. डेटाबेसच्या बॅकअपबरोबर, पण वेगळ्या सुरक्षित जागी, ही किल्ली जपून ठेवा. किल्लीशिवाय डेटाबेस परत आणला तरी हीट परत आलं असं म्हणता येत नाही.

टेम्प्लेटच्या पॅरामीटरमध्ये येणारे गुप्त शब्दही बंद ठेवायचे असतील तर ‘एनक्रिप्ट_पॅरामीटर्स_अँड_प्रॉपर्टीज = ट्रू’ करा. मुळात ते बंद असतं. आधीचे स्टॅक असतील तर ‘हीट-मॅनेज अपडेट_पॅराम्स एनक्रिप्ट’ ही कमांड त्यांचीही माहिती बंद करते.

## इंजिनं किती आणि मर्यादा किती

‘नम_इंजिन_वर्कर्स’ न लिहिल्यास हीट ४ किंवा प्रोसेसरच्या गाभ्यांइतकी, यांत जो आकडा मोठा तितकी इंजिनं सुरू करतं. ४८ गाभ्यांच्या कंट्रोलरवर ४८ इंजिनं, आणि त्याच यंत्रावर ओपनस्टॅकच्या बाकी सेवाही. मी आठापासून सुरुवात करतो आणि गरज दिसली तरच वाढवतो.

यामागचं गणित मेमरीपुरतं नाही. प्रत्येक इंजिन डेटाबेसशी स्वतंत्र जोडण्या ठेवतं. ‘डेटाबेस’ विभागात ‘मॅक्स_पूल_साइझ’ ५ आणि ‘मॅक्स_ओव्हरफ्लो’ ५० या मूळ किमती आहेत, म्हणजे एका इंजिनाला जास्तीत जास्त ५५ जोडण्या. आठ इंजिनांना ४४०. मायएसक्यूएलमध्ये ‘मॅक्स_कनेक्शन्स’ची मूळ मर्यादा १५१. रोजच्या कामात हा टोकाचा आकडा गाठला जात नाही, पण मोठा स्टॅक आला की ‘जोडण्या फार झाल्या’ ही तक्रार येते आणि तिचा फटका त्याच डेटाबेसवरच्या नोव्हाला आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या न्यूट्रॉनलाही बसतो. ओव्हरफ्लो कमी करा किंवा डेटाबेसची मर्यादा वाढवा, पण गुणाकार करूनच.

न्यूटन आवृत्तीपासून ‘कन्व्हर्जन्स_इंजिन’ मुळातच चालू असतं. स्टॅकचं काम तुकड्यांत फोडून सगळ्या इंजिनांत वाटलं जातं. ते बंद करण्याचं कारण मला कधी सापडलं नाही.

मर्यादांपैकी लक्षात ठेवण्यासारख्या मूळ किमती: टेम्प्लेटचा आकार ५,२४,२८८ बाइट, एकात एक स्टॅक ५ पातळ्यांपर्यंत, एका स्टॅकमध्ये १,००० रिसोर्स, आणि एका कृतीला ३,६०० सेकंद. शेवटचा आकडा ‘स्टॅक_अॅक्शन_टाइमआउट’चा, म्हणजे तो लटकलेला तास इथून येतो. मर्यादा आपणहून वाढवू नका. कोणाला अडचण आली की आधी त्याचं टेम्प्लेट पाहा, बरेचदा त्याचे दोन स्टॅक करणंच बरं असतं.

‘आरपीसी_रिस्पॉन्स_टाइमआउट’ मात्र मी बदलतो. मूळ किंमत ६० सेकंद. मोठं टेम्प्लेट तपासायला इंजिनाला याहून जास्त वेळ लागला तर एपीआय कंटाळून ‘मेसेजिंग टाइमआउट’ सांगतं, इंजिन मात्र मागे काम करतच असतं. वापरकर्ता पुन्हा प्रयत्न करतो आणि गोंधळ वाढतो. किंमत वाढवलीत तर समोरच्या मध्यस्थाची वेळमर्यादाही तितकीच वाढवा.

## सुरू करणं आणि टप्प्याटप्प्याने तपासणं

डेटाबेसची मांडणी ‘हीट-मॅनेज डीबी_सिंक’ने करा, पण ‘रूट’ म्हणून नको. ‘एसयू’ वापरून ‘हीट’ या वापरकर्त्याच्या नावाने चालवा, नाहीतर लॉग फाइल रूटच्या मालकीची होते आणि पुढे हीटला तीत लिहिता येत नाही. मग तिन्ही सेवा पुन्हा सुरू करा. दोन्ही एपीआय अपाचेखाली चालत असतील तर अपाचे पुन्हा सुरू करावं लागेल.

पहिल्या खेपेला ‘डीबग = ट्रू’ ठेवा. सुरू होताना प्रत्येक पर्यायाची प्रत्यक्षात धरलेली किंमत लॉगमध्ये उतरते, पासवर्ड आणि ‘कनेक्शन’, ‘ट्रान्सपोर्ट_यूआरएल’ हे पासवर्ड असलेले पत्ते यांच्या जागी फक्त तारे. अक्षराची चूक, चुकलेला विभाग, चिकटलेल्या ओळी, सगळं इथे उघडं पडतं. तुम्ही लिहिलेला प्रत्येक पर्याय या यादीत शोधा आणि किंमत जुळते का पाहा. झालं की डीबग बंद करा.

‘ओपनस्टॅक ऑर्केस्ट्रेशन सर्व्हिस लिस्ट’ने इंजिनं मोजा. जितके वर्कर सांगितले तितक्या ओळी ‘अप’ दिसायला हव्यात.

यानंतर लगेच मोठं टेम्प्लेट चालवू नका. मी तीन पायऱ्या करतो, आणि प्रत्येक पायरी फाइलचा वेगळा भाग तपासते.

पहिल्या पायरीचा स्टॅक फक्त ‘ओएस::हीट::रँडमस्ट्रिंग’ या एका रिसोर्सचा. तो नोव्हाला, न्यूट्रॉनला हात लावत नाही. तो पूर्ण झाला म्हणजे दार, रांग, इंजिन, डेटाबेस आणि दारवानाची ओळख ठीक आहे. ही चाचणी अॅडमिनने नाही, साध्या वापरकर्त्याने करायची, म्हणजे ट्रस्टही तपासला जातो.

दुसऱ्या पायरीवर फक्त ‘ओएस::हीट::वेटकंडिशनहँडल’. यासाठी हीटला वेगळ्या डोमेनमध्ये खातं बनवावं लागतं. इथे अडलं तर चूक तिसऱ्या ओळखपत्रात आहे: डोमेनचं नाव, त्या खात्याचा पासवर्ड, किंवा डोमेनवरचा रोल.

तिसऱ्या पायरीवर एक सर्व्हर, एक हँडल आणि एक ‘वेटकंडिशन’ (निरोप येईपर्यंत स्टॅकला थांबवणारा रिसोर्स), वेळ ३०० सेकंद. सर्व्हरच्या यूजर-डेटामध्ये हँडलने दिलेली ‘कर्ल_सीएलआय’ची कमांड, तिच्या शेवटी यशाचा निरोप. सर्व्हर उभा राहिला पण वेटकंडिशन अडलं, तर पत्त्यांच्या प्रकरणाकडे परत जा. तेव्हा इतर ओळी बदलू नका. मागच्या दोन पायऱ्या पार झाल्या आहेत, चूक उरलेल्या जागेतच आहे.

काही पडलं की ‘ओपनस्टॅक स्टॅक फेल्युअर्स लिस्ट’ पहिल्यांदा चालवा. ती नेमका कुठला रिसोर्स आणि का अडला ते सांगते. ‘हीट-इंजिन’चा लॉग त्यानंतर.

## चालू झाल्यावरचं एक काम

पुसलेले स्टॅक डेटाबेसमधून जात नाहीत, त्यांच्यावर नुसती पुसल्याची खूण पडते. वर्षभरात तक्ते फुगतात आणि हीट मंदावतं. ‘हीट-मॅनेज पर्ज_डिलीटेड -जी डेज ३०’ ही कमांड तीस दिवसांपूर्वी पुसलेले स्टॅक कायमचे काढते. दिवस न सांगितल्यास ती ९० धरते. हे क्रॉनमध्ये रोज रात्री लावा, आणि तेही ‘हीट’ या वापरकर्त्याच्या नावाने. खूप जुनी यंत्रणा हाती आली असेल तर पहिल्याच रात्री तीस दिवस देऊ नका. आधी एक वर्ष, मग सहा महिने, मग तीन, असं खाली या, म्हणजे तक्ते एकाच वेळी फार काळ कुलूपबंद राहणार नाहीत.